जाड पात्याचा पक्का सुरा कुठला घ्यावा? (बाग, भटकंती आणि शिकार)

घाटवाटकरी
नमस्कार मंडळी. संगमेश्वराकडे आमची वडिलोपार्जित जागा आहे. काजू, थोडे आंबे, बांधावर चिव्याची बेटं. बरीच वर्षं कोणी लक्ष दिलं नाही, त्यामुळे रानमोडी आणि घाणेरी माजली आहे. आता सुट्टीच्या दिवशी पुण्याहून जाऊन साफसफाई सुरू केली आहे. सह्याद्रीतली भटकंती तर चालूच असते. त्यात मावसभाऊ विस्कॉन्सिनला राहतो, तो दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो. यंदा नोव्हेंबरात मीही त्याच्याबरोबर जाणार आहे. बंदूक त्याची, परवानाही त्याचाच. मी सोलायला-कापायला मदत करणार.

या तिन्ही कामांना पुरेल असा एकच दणकट सुरा घ्यायचा आहे. घडीचा चाकू नको, मुठीत पक्कं बसलेलं पातं हवं. डोक्यात चार पर्याय आहेत : १०९५ पोलादाचा सात इंची अमेरिकन सुरा, नेपाळी खुकरी, स्वीडनचा मोरा गार्बर्ग, किंवा गावातल्या घिसाड्याकडून बनवून घेतलेलं काहीतरी. पोलाद कुठलं, पातं किती जाड, पावसात म्यान कुठलं टिकतं, हे वापरलेल्या माणसांनी सांगावं. जाहिराती पुष्कळ वाचून झाल्या.

तळकोकणी
रे, कोयतो घे आणि कामाक लाग.

भटकी_सई
तळकोकणींना अनुमोदन, पण फक्त बागेपुरतं.

डोंगरात दणकट सुऱ्याचं कामच काय असतं, हे आधी बघा. दोरी कापणे, कांदा-काकडी चिरणे, पाकिटं फोडणे, काठीला टोक काढणे, क्वचित कोणाच्या घोट्याला बांधायला कापडाची पट्टी फाडणे. याला चार इंचांचं पातं पुरतं. मी मोराचा साधा कंपॅनियन वापरते. पातं दहा सेंटिमीटरच्या थोडं वर, जाडी अडीच मिलिमीटर, म्यान प्लॅस्टिकचं. पाण्यात पडला, चिखलात पडला तरी धुऊन पुसला की झालं. गार्बर्ग थोडा लांब आणि ३.२ मिलिमीटर जाड आहे, आणि त्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग जातं. एवढ्या जाडीच्या वर सह्याद्रीत काही लागतं असं मला वाटत नाही.

‘सुऱ्याच्या पाठीवर लाकूड हाणून ओंडके फोडा’ छापाचे व्हिडिओ बघून लोक सहा मिलिमीटरचं पातं घेतात. ओंडके फोडायचे कशाला? शेकोटीसाठी. फेब्रुवारीपासून पुढे सगळं गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने अख्खी सोंड जळते. चहाला छोटा स्टोव्ह न्या. जंगलातलं लाकूड तोडायची सोयच बरोबर न नेणं उत्तम.

लोखंडी
मी आयुष्यभर फोर्जिंगच्या कारखान्यात उष्णोपचाराच्या भट्टीवर होतो. निवृत्तीनंतर घरामागे लहानशी भट्टी लावली आहे. म्हणून पोलादाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

लोक आधी पोलादाचा नंबर विचारतात. १०९५ म्हणजे ०.९५ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं साधं पोलाद. धार छान घेतं, निसण्यावर पटकन परत येतं, पण गंज लवकर धरतं. डी२ मध्ये क्रोमियम बाराएक टक्के आणि कार्बन दीड टक्का. धार खूप टिकते, पण एकदा गेली की हाताने आणताना घाम निघतो, आणि आडव्या ताणाला ते चिवट नाही. १२सी२७ सारखं स्टेनलेस लहान चाकूला फार चांगलं. कोयता, खुकरी, हाणायची हत्यारं यांना मात्र कमानपाट्याच्या जातीचं पोलाद. आपल्याकडे ट्रकच्या पाट्यांना बहुधा ईएन४५ वापरतात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सोबत सिलिकॉन आणि मँगनीज. खड्ड्यांतून टनावारी ओझं झेलायला घडवलेलं पोलाद आहे ते, फांदीवरच्या घावाने त्याला काही होत नाही.

पण नंबर हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भट्टीत ठरतो. तेच पोलाद नीट तापवलं नाही तर खिळ्याच्या लोखंडासारखं वाकेल आणि जास्त तापवलं तर टिचेल. तापताना साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन बुडवायचं. पिवळं-पांढरं होईपर्यंत तापवलं की आतला कण मोठा होतो, आणि मग पहिल्या गाठीवर धारेचा तुकडा उडतो. पाट्याचं पोलाद तेलात बुडवावं, गार पाण्यात बुडवलं तर तडा जायची भीती असते. नंतर परत मंद तापवून ताण उतरवायचा. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढत जातात : २३० अंशांच्या सुमारास वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० जवळ निळा. लहान सुऱ्याला पिवळ्यावर थांबावं, हाणायच्या हत्याराला तपकिरी-जांभळ्यापर्यंत जावं. रॉकवेलच्या (कडकपणाच्या) मापात सांगायचं तर कोयत्याला ५४ ते ५७, लहान सुऱ्याला ५८ ते ६०.

घेताना एक बारीक कानस खिशात ठेवा. धारेजवळ हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी चढलंय, कानस चावली तर लोखंड मऊ आहे. आणि कोयत्याची धार सुक्या ग्राइंडरवर कोणाला लावू देऊ नका. पातं निळं पडलं की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार दोन दिवसांत बसते.

पाटसकर
@लोखंडी, प्रतिसाद जपून ठेवला आहे. भट्टीवर वेगळा धागा काढाच.

कोल्हापुरी_रस्सा
माझं मत वेगळं. एकच हत्यार हवं असेल तर खुकरी. दुसरा विचार करू नका.

राधानगरीकडे आमचं शेत. बांधावरची झुडपं, उसाची पाचट, नारळ सोलणे, कोंबडी तोडणे, खुंट्यांना टोक काढणे, सगळं एका खुकरीने होतं. वजन पुढे असल्याने मनगटाला जोर लावावा लागत नाही, हात नुसता सोडायचा. पोटाकडचा बाक फांदीला आत ओढून घेतो. नेपाळातले कारागीर किटलीने फक्त धारेवर पाणी सोडतात, म्हणून धार कडक आणि पाठ मऊ राहते. लोखंडीकाका सांगतायत तेच शास्त्र, फक्त डोळ्याच्या अंदाजाने. आणि म्यानात दोन लहान पाती मिळतात : कर्द बारीक कापाकापीला, चकमक धार सरळ करायला. म्हणजे एका म्यानात तीन कामं झाली. घाटवाटकरींना हेच हवंय ना?

घाटवाटकरी
@कोल्हापुरी_रस्सा, हो, म्हणूनच खुकरी यादीत आहे. दहा इंची पातं घेऊन डोंगरात फिरण्यात कायद्याची अडचण येते का, कोणाला नक्की माहीत आहे?

वकिली_चष्मा
हा प्रश्न कोणी विचारतो का, याची वाट बघत होतो.

शस्त्र नियमांत धारदार हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. तलवारी, खंजीर, भाले, त्यात खुकरी आणि कृपाण ही नावंसुद्धा येतात. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं हा त्याचा निकष. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटतो, ‘टॅक्टिकल’ म्हणून विकलेला दहा इंची सुरा तसा सुटेलच असं नाही. आणि अवजारसुद्धा कुठे, कधी, कशासाठी हातात आहे हे बघितलं जातं. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकांच्या वेळी मनाई आदेश निघतात. तेव्हा कोयता गाडीत मोकळा टाकून शहरातून फिरणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. २०२३ मध्ये पुण्यात कोयत्याच्या गुन्ह्यांनंतर दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं आधार बघून नोंद ठेवावी असं पोलिसांनी सांगितल्याच्या बातम्या होत्या. कोयता पोत्यात गुंडाळून, डिकीत, बागेच्या इतर अवजारांसोबत ठेवा.

आता डोंगराचं. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकू स्पष्टपणे आहे. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. भीमाशंकर अभयारण्य आहे. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. बामणोलीहून होडीने जाताना वनखात्याची परवानगी काढता, तीच जागा. तिथे कमरेला सात इंची सुरा लटकवून उतरणं हा शौक नाही, गुन्हा होऊ शकतो. भाजी चिरायच्या चाकूवरून कोणी अडवेल असं नाही, पण मोठ्या सुऱ्याचं समर्थन करणं अवघड जाईल.

भटकी_सई
कलम ३१ बद्दल मनापासून धन्यवाद. आमच्या गटाच्या सूचनांत हे आजच टाकते. वासोट्याला तपासणीत प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून नोंदवतात, तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

रानभैरी
सई, एका मुद्द्यावर असहमत. श्रावणात अनगड घाटवाटांवर कारवी डोक्याच्या वर जाते आणि वाट मोडलेली असते. तिथे चार इंची चाकू काय करणार? नाळेच्या (डोंगरातल्या अरुंद घळीच्या) तोंडाशी करवंदाच्या जाळीत अडकलात तर कोयतीच लागते.

भटकी_सई
@रानभैरी, तिथे गावातला वाटाड्या घ्यावा. कोयती त्याच्याकडे असते, आणि कुठली फांदी तोडायची, कुठली नुसती वाकवायची हेही त्याला कळतं. चार पैसे गावात जातात ते वेगळं. वाटाड्या न घेता, हातात सुरा आहे या भरवशावर मोडलेल्या वाटेत शिरणारे गट दरवर्षी कड्यावर अडकतात आणि बचाव पथकाची मुलं रात्रभर त्यांच्या मागे धावतात. त्यांच्यासोबत मी गेले आहे. दोर लागतो, टॉर्च लागतो, पाणी लागतं. जाड सुरा नाही लागत. उलट ताणलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी दोर तुटतो, म्हणून दोराजवळ कोणाच्या कमरेला उघडं पातं नको असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

बागायतीण
इतका वेळ वाचत होते. बागेत रोज राबणारी मीच दिसते इथे, म्हणून लिहिते.

घाटवाटकरी, तुम्ही पोलाद विचारलंत, जाडी विचारलीत, मूठ विचारली नाहीत. दिवसभर रानमोडी तोडल्यावर दुखतं ते पातं नाही, तळहात दुखतो. अमेरिकन सुऱ्यांच्या मुठी जाड असतात. माझ्या हातात मावत नाहीत. मूठ अशी हवी की बोटं वळून अंगठ्याखाली जेमतेम टेकावीत. शेवटाकडे थोडी फुगलेली, म्हणजे घामाने निसटत नाही. गुळगुळीत पॉलिश नको. लाकूड बाभळीचं किंवा शिसवाचं. मुठीच्या तोंडाशी साम (धातूचं कडं) बसवलेली हवी, नाहीतर लाकूड चिरतं. गावातल्या कोयत्यात पात्याची शेपटी तापवून लाकडात ठोकतात. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की ती सैल होते, म्हणून मी मे महिन्यात सगळ्या मुठी हलवून बघते. घाव घालताना पातं सुटलं तर कुठे जाईल सांगता येत नाही.

दुसरं, आकडी. कमरेमागे बांधायची लाकडी आकडी घ्या आणि कोयती तीत अडकवा. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, हवी तेव्हा हाताला येते. नायलॉनच्या म्यानात पाणी साठतं, मातीचे कण अडकतात आणि पातं आत घासून खराब होतं. आकडीत साठायला जागाच नाही.

तिसरं, चीक. काजूच्या बोंडाचा रस आणि कैरीचा आंबटपणा साध्या पोलादाला एका दुपारीत काळं करतो. फणस कापायच्या आधी पात्याला खोबरेल चोळा, नाहीतर चीक बसतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. परत तेलच लावून पुसायचा. चिवा तोडायचा असेल तर दुपारी धार परत लावायची तयारी ठेवा, बांबूत वाळूचा अंश असतो, तो धार खातो.

चिव्याला आणि रानमोडीला पुढे किंचित आत वळलेलं टोक लागतं. फांदी ओढून धरायची आणि बुंध्याशी घाव. सरळ टोकाच्या सुऱ्याने ते होत नाही, शिवाय टोक मांडीकडे येतं.

तळकोकणी
बागायतीणताईंनी माझ्या एका ओळीचा विस्तार केला :)

मडिकेरीहून
आकडीवरून आठवलं. इथे कोडगूत ओडिकत्ती म्हणून रुंद, आत वाकलेलं पातं असतं. कोडव लोक समारंभाला ते पाठीमागे पितळी ‘तोडंगा’त अडकवतात. कोकणातली आकडी आणि हे तोडंग शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. दोन्हीकडे भात, डोंगर, पाऊस, आणि दोन्हीकडे पातं पाठीवर. कोडवांना आणि जम्मा (वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे, तीही २०१९ मध्ये २०२९ पर्यंत वाढवली. वकिली_चष्मा यांना यात रस असेल.

वकिली_चष्मा
आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली सूट आहे ती. पण ती तिथल्या लोकांची. घाटवाटकरींनी त्यावर विसंबू नये.

आडगावचा
शिकारीचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे शिमग्याच्या सुमारास गावाची पारध निघायची. डुक्कर, भेकर. सुरे तेव्हा बाहेर यायचे. आता अमेरिकेत जाऊन करायची, इथे केली तर गुन्हा. हे मला पटत नाही.

वकिली_चष्मा
@आडगावचा, कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. सापळा लावणं, फासे टाकणं, हाकारणं, आमिष ठेवणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. शेतीचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो, परवानगी मिळाली तर ती अटींसकट. भेकराची पारध तर गुन्हाच.

भटकी_सई
फाशात पाय तुटलेलं भेकर मी पाहिलं आहे. तारेचा फास डुकरासाठी लावतात, त्यात बिबट्याही अडकतो, भेकरही. परंपरा म्हणून कोणाला गोड वाटत असेल, मला नाही.

मॅडिसनकर
विस्कॉन्सिनमधून लिहितोय, म्हणून घाटवाटकरींच्या तिसऱ्या कामाबद्दल सांगू शकतो. @आडगावचा, इथेही मोकळं रान नाही. परवाना, ठरलेला हंगाम, मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. शिकाऱ्याच्या कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो. घाटवाटकरी, तुम्ही बंदूक धरणार नसलात तरी नारिंगी जाकीट घालाच.

आता सुरा. हरणासाठी मोठा सुरा अडचण करतो. पोट फाडताना पातं आत असतं आणि टोक कुठे आहे ते दिसत नाही, बोटांनी समजून घ्यावं लागतं. तर्जनी टोकापर्यंत पोचली पाहिजे. म्हणून साडेतीन ते चार इंच, टोक किंचित खाली उतरलेलं, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. धार वर करून कापायचं, कातडीच्या आतून बाहेर, म्हणजे आतडं किंवा मूत्राशय फुटत नाही. ते फुटलं की मांस नासलं. सात इंची पात्याने हे करून बघा असं मी कोणालाच सांगणार नाही. छातीचं हाड कापायला लहान करवत न्या, सुऱ्याने ठोकाठोक नको.

मूठ रबरी, आणि रंग नारिंगी. पानगळीत तपकिरी मुठीचा सुरा खाली ठेवला की सापडत नाही. स्टेनलेस घ्या, रक्तात मीठ असतं आणि धुवायला तासन्‌तास उशीर होतो. हात बर्फाने बधिर झालेले असतात, तेव्हा बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून मुठीपुढे थोडा उंचवटा हवा.

आणखी एक गंभीर गोष्ट. इथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा आजार आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली पहिल्यांदा आढळला. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे, आणि शिजवल्याने तो दोष जात नाही. तेव्हा रबरी हातमोजे घाला, मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका, डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा. सुरा नंतर नीट घासून धुवा. याच कारणासाठी मी हरणाचा सुरा फळं-भाज्यांना लावत नाही.

कोल्हापुरी_रस्सा
मॅडिसनकर, कर्द तेच काम करेल की. पातं लहानच असतं.

मॅडिसनकर
आकाराने चालेल, पण बहुतेक खुकऱ्यांसोबतच्या कर्देची मूठ दोन बोटांची. ओल्या हातात धरायला भीती वाटते. शिवाय ती खुकरीच्याच म्यानात परत जाणार, रक्तासकट.

लोखंडी
दोघांच्या मध्ये पडतो. खुकरी उत्तम हत्यार आहे, कोल्हापुरींचं म्हणणं खरं. पण तिच्या पाठीची जाडी आठ-दहा मिलिमीटरपर्यंत असते. धारेचा कोनही त्या मानाने रुंद. फांदी तोडायला हेच पाहिजे, टोमॅटो कापायला आणि कातडी सोडवायला नेमकं हेच नको. लहान सुऱ्याची धार दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांवर आणता येते. खुकरीची तशी केली तर पहिल्या गाठीला ती वाकेल. एकाच धारेला दोन्ही कामं सांगितली की ती दोन्हीकडे अर्धीच उतरते. भूमितीचा प्रश्न आहे, कितीही महाग पोलाद घेतलं तरी सुटत नाही.

सात इंची १०९५ सुद्धा मधल्यामध्येच बसतो. तो सैनिकासाठी बनला, ज्याच्याकडे दुसरं काही नसतं. घाटवाटकरींच्या घरात कोयता ठेवायला जागा आहे.

डॉ_सह्याद्री
जखमांबद्दल एक परिच्छेद. मांडीवर ठेवून कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते, तिथला घाव मिनिटांत जिवावर बेततो. बसून काम करताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि पातं गुडघ्यांच्या पुढे चालू द्या. कोयत्याने तोडताना डावा हात फांदीवर घावाच्या खाली नको, वर ठेवा. रक्त भळभळा आलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर मातीतल्या जखमेनंतर घ्यायला जा. हळद, चहापूड जखमेत भरू नका, टाके घालताना ती काढण्यातच वेळ जातो.

रानभैरी
चामडी म्यानाबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्याकडे सुंदर चामडी म्यान आहे, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

लोखंडी
चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनंही पोलादाला बाधतात. साधं पोलाद चामडी म्यानात घालून कपाटात ठेवू नये. म्यान वापरतानाचं, घरी पातं तेल लावून कागदात. कोकणात खाऱ्या हवेला साधं प्लॅस्टिक किंवा काइडेक्सचं (एक कडक प्लॅस्टिकच) म्यान बरं, तळाशी पाणी जायला भोक आहे ना बघून घ्यावं.

बागायतीण
आणि घिसाड्याकडे जाणार असलात तर तयार माल उचलू नका. त्याच्यासमोर बसा, आपला जुना कोयता दाखवा, बाक केवढा हवा ते कोळशाने कागदावर काढून द्या. आमच्याकडे पावसाच्या आधी रस्त्याकडेला पाल पडतं. नवरा सांडशीने पातं धरतो आणि बायको घण मारते, एकही घाव चुकत नाही. त्यांच्याकडे पाटा आपण नेलेला चालतो. भंगारातून ट्रकचा जुना पाटा घ्या, पण भेगा बघा. थकलेल्या पाट्यात बारीक चिरा असतात, त्या कोयत्यात उतरतात. मजुरीत घासाघीस करू नका, दिवसभर भात्यासमोर बसायचं काम आहे ते.

लोखंडी
आणि त्याला तेलात बुडवायला सांगा. तेल आपण न्या, जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. स्वस्त खाद्यतेल कढत नाही इतपत कोमट करून चालतं. लोखंडी डब्यात न्या, प्लॅस्टिकच्या नाही, आणि झाकण जवळ ठेवा, भडका उडाला तर लगेच झाकता येतं.

घाटवाटकरी
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकच सुरा घ्यायचा हट्ट सोडला. ठरलं ते असं. बागेसाठी कमानपाट्याचा कोयता, बाभळीची मूठ, साम आणि आकडीसकट. घिसाड्याचं पाल संगमेश्वर बाजाराजवळ पडतं, पुढच्या वेळी तेल घेऊन जातो. डोंगरात मोराचा लहान स्टेनलेस चाकू, तोही अभयारण्य नसेल तिथेच. विस्कॉन्सिनला नारिंगी मुठीचा चार इंची तिथेच विकत घेईन, म्हणजे विमानाचा प्रश्न नाही. सात इंची १०९५ यादीतून बाद. कोल्हापुरींनी रागावू नये, तुमच्याकडे आलो की खुकरीने नारळ सोलून बघणार आहे.

कोल्हापुरी_रस्सा
या केव्हाही. रस्साही होईल, कोंबडी खुकरीनेच तोडू.

मॅडिसनकर
इथेच घ्या, बरोबर. परतताना चेक-इन सामानात टाका, म्यानात घालून वर पुठ्ठा गुंडाळा, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. केबिनमध्ये कुठलंही पातं नको.

घाटवाटकरी
शेवटचा प्रश्न. तिथेही पात्याला खोबरेलच लावू का? बाटली इथूनच आणतो.

मॅडिसनकर
आणा, पण डोक्याला लावायला. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं आणि नोव्हेंबरात इथे पारा शून्याखाली असतो, बाटलीतून बाहेरच येणार नाही. औषधांच्या दुकानात मिनरल ऑइल मिळतं, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. ते मी घेऊन ठेवतो.